टाचणीचं ताट

दारूचा थेंबही न चाखलेल्या माणसाचं लिव्हर खराब होतं, हे गल्लीत कुणाला पटेना. खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवून देणाऱ्या त्या दुकानातल्या थोरल्या भावाचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोट नगाऱ्यासारखं टम्म फुगलं, तेव्हा समोरचा चावीवाला म्हणाला की आतल्या खोलीत बाटली असणारच. थोरल्याच्या बायकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवऱ्याच्या तोंडाला आयुष्यभर वास आला तो फक्त लोखंडाचा. कापड ठोकताना बारीक खिळे ओठांत धरायची त्याची सवय होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं. लिव्हर दारूने बिघडतं, काविळीच्या काही विषाणूंनी बिघडतं, तसंच साखरेच्या आजाराने, वाढलेल्या वजनानेही बिघडतं. आधी त्यात चरबी साठते. तेव्हा बहुतेकदा दुखत नाही की खुपत नाही. लिव्हर मुकाट्याने सोसतं. मग आत वण पडत जातात, ते आकसून निबर होतं, आणि माणसाला कळेपर्यंत फार थोडं उरलेलं असतं. पोटातलं पाणी गोळ्यांनी उतरवू, नाहीतर सुईने काढू, मीठ तोडा, रक्ताची उलटी झाली तर तडक घेऊन या. पण यांचं साखरेच्या आजारापायी आता इतकं निबर झालंय की ते सुधारणार नाही. जवळच्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच हे वाचतील. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, असंही त्या म्हणाल्या. एवढी चांगली गोष्ट माणसाच्या अंगात असते हे तिला कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

तिचा रक्तगट जुळला नाही. जुळला तो दिराचा.

दीर म्हणजे टाचणी. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळकरी पोरगा होता, इतका काटकुळा की भावाने त्याचं नावच टाचणी ठेवलं. सासू आधीच गेलेली. वहिनीनेच त्याला भरवून भरवून माणसात आणलं. आता टाचणी असा गुबगुबीत झाला होता की गिऱ्हाइकं म्हणायची, सोफ्यात फोम कमी पडला तर याचाच काढा. त्याने लग्न केलं नाही. भाऊ, वहिनी आणि दुकान, एवढाच त्याचा संसार.

तपासणीला तो एकटा गेला, कारण त्याच वेळी खालच्या मजल्यावर थोरल्याच्या पोटातलं पाणी काढत होते आणि ती त्याचा हात धरून बसली होती. परत आल्यावर टाचणीने तिला सांगितलं की बाकी सगळं ठीक आहे, फक्त लिव्हरवर थोडी चरबी दिसतेय. जेवण कमी करा, रोज चाला, मग पुन्हा स्कॅन करून ऑपरेशनची तारीख देऊ, असं म्हणालेत. तिच्या मनात राहिलं ते ‘बाकी सगळं ठीक आहे’ आणि ‘तारीख’.

थोरल्याचं जेवण अळणी झालं, गोड तर बंदच. त्याच्या ताटातून जे जे गेलं ते टाचणीच्या ताटात आलं. साय, लोणी, तळलेले बटाटे, झोपताना बदाम घातलेलं गोड दूध. आपल्या अंगातला तुकडा काढून देणारा माणूस अशक्त राहून कसं चालेल? तो म्हणायचा, नको वहिनी, खरंच नको, डॉक्टरांनी सांगितलंय. पण त्या घरात पहिलं ‘नको’ कुणी कधी धरलंच नव्हतं. दुसऱ्या ‘नको’चा अर्थ थोडंसं वाढा, आणि ताटावर हात आडवा आलाच तर बोटांच्या फटीतून वाढायचं.

“दादाला तुझं लिव्हर हवंय, तुझी हाडं नकोत,” ती म्हणायची. तो हसायचा आणि खायचा. तिने वाढलेलं टाकून उठणं त्याला कधी जमलंच नव्हतं. सकाळी बूट घालून चालायला निघाला, तरी दमून येईल बिचारा म्हणून ती लोणी फासलेले पाव गरम करून ठेवायची.

थोरला मात्र उतरत चालला. हात पुढे धरले की त्याचे पंजे पाखरासारखे फडफडायचे. कधी कात्रीला हातोडी म्हणायचा, कधी बायकोला आई.

दुसऱ्या स्कॅनला ती टाचणीबरोबर गेली. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बघून चष्मा काढला.

“चरबी वाढलीय. काय खाताय काय तुम्ही?”

टाचणी जमिनीकडे बघत म्हणाला, “बाहेरचं खातो. सवय सुटत नाही.”

बाई चिडल्या. तिकडे भावाचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला जीभ आवरत नाही, असं बरंच बोलल्या.

“तो बाहेर चहासुद्धा पीत नाही,” वहिनी म्हणाली. “मी वाढते.”

बाईंचा आवाज उतरला. असं लिव्हर थोरल्याला चालणार नाही, आणि काढून घेतलं तर याच्याही जिवाला धोका, त्या म्हणाल्या. काही महिने नीट पाळलं तर चरबी उतरेल. तेवढा वेळ यांच्याकडे आहे का, असं तिने विचारलं. बाईंनी उलट विचारलं, दुसरं कुणी नातेवाईक आहे का?

नव्हतं.

जिन्यात ती म्हणाली, “माझ्या अंगावर ओरडायचं होतंस रे.”

“तुम्ही रडला असता.”

“मग आता काय करतेय?”

त्यानंतर टाचणीने ताट पुढ्यात घेणंच सोडलं. उकडलेली भाजी वाटीत घेऊन उभ्यानेच खायचा, संध्याकाळी दुकान बंद करून लांब लांब चालायचा. तिने एकदाही आग्रह केला नाही. त्याचे गाल बसले. मग थोरल्याच्या पोटातल्या पाण्यात जंतू झाले, मूत्रपिंडं थकली, आणि त्याला दवाखान्यात हलवलं. आता तुकडा मिळाला तरी हे ऑपरेशन सोसणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी तिला व्हरांड्यात घेऊन सांगितलं.

एका दुपारी थोरल्याला जरा शुद्ध आली. पायाशी भाऊ उभा होता, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. थोरल्याने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, मग बायकोला बोट हलवून जवळ बोलावलं.

“हा किती वाळलाय. याला जेवायला घालत नाहीस का गं?”

“घालते,” ती म्हणाली.

टाचणी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. थोरल्याचं समाधान झालं नव्हतं. ग्लानी येईपर्यंत तो तेच विचारत राहिला, आणि ती दर वेळी घालते म्हणत राहिली.