चार हात दक्षिणेला

“बांध म्या सरकवला न्हाई, वैनी. समुद्रानं सरकवला,” आश्रुबा म्हणाला आणि सोसायटीच्या ओसरीवरच्या सगळ्या माना गहिनीनाथ सरांकडं वळल्या.

भिवराबाई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली होती. नवरा वारल्यापासून भावाच्या टोळीबरोबर जायची. परतली तर शेताचा बांध चार हात आत आलेला. पलीकडचं शेत आश्रुबाचं. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव ठरवतील ते गाव मानायचं. म्हणजे आज ती चार हातांची पट्टी मिळाली नाही, तर पुन्हा मिळणार नव्हती.

दुष्काळानं रान रिकामं पडलेलं. आश्रुबा दुपारभर शाळेच्या सावलीला, नववीच्या खिडकीखाली बसायचा. तिथंच त्याला भूगोल लागला.

“सर, तुमीच म्हनलात ना? समुद्राच्या बुडाशी डोंगराची रांग हाय, तिला मधोमध भेग हाय. भेगंतून तापलेला रस वर येतो अन् दोन्हीकडची जमीन सरकती.”

“म्हणालो.”

“आपला देशबी सरकतो?”

“सरकतो.”

“झालं!” आश्रुबानं मांडीवर थाप मारली.

सरांनी इतकी वर्षं शिकवलं, पण इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. नाही म्हणावं तर भूगोल खोटा, हो म्हणावं तर बाईची जमीन जाते.

“समुद्र पायलाय का सर तुमी?” सुंदररावांनी विचारलं.

“नाही.”

“मंग त्याच्या बुडात कशाला शिरता?”

ओसरी हसली. भिवराबाई हसली नाही. ती सरांकडं बघत राहिली.

स्टोव्हवर चहाचं दूध तापत होतं. सर उठून पातेल्याशी गेले.

“ही साय बघा. मधे फाटते, खालून दूध उसळतं, साय दोन्हीकडं जाते. तिथं खाली असंच चालतं. वर आलेला रस पाण्यात थिजून काळा दगड होतो, कडेला चिकटतो. पुन्हा भेग, पुन्हा रस. सारखी नवी जमीन.”

“नवी जमीन?” सुंदरराव सावरून बसले. “कुनाच्या नावावर?”

“कुणाच्याच नाही.”

“तलाठ्याला कळलं न्हाई वाटतं अजून.”

सरांनी सायीच्या एकाच तुकड्यावर चहापत्तीचे दोन दाणे टाकले. “हा आश्रुबा, ही भिवराबाई. साय सरकली, दोघं सरकले. मधलं अंतर तेवढंच. देश अख्खा सरकतो. शेत, बांध, ही ओसरी, सगळं बरोबर. तेही वर्षाला दोन-तीन बोटं. चार हात सरकायला पस्तीस-चाळीस वर्षं लागतील. बाई सहा महिनेच गेली होती. आणि देश चाललाय उत्तरेकडं. तुमचा बांध आलाय दक्षिणेला.”

“देश एकीकडं अन् तू दुसरीकडं, व्हय बे?” सुंदरराव कडाडले.

“आरं, दूध!” कुणीतरी ओरडलं. अर्धं पातेलं उतू गेलं.

“हे फुडलं मला ठावंच न्हवतं,” आश्रुबा पुटपुटला. “तवर घंटा झाली अन् म्या उठून गेलतो.”

“उद्या उजाडायच्या आत बांध जागेवर पायजे,” सुंदरराव म्हणाले.

सकाळी सर शाळेला निघाले तेव्हा बांध जागेवर होता. सोडवलेल्या पट्टीत यंदा काही उगवणार नव्हतं, आणि दिवाळीनंतर बाईला पुन्हा जायचंच होतं. तरी ती वाकून दगड वेचत होती.

“पलीकडं फेका की, बाई. काल एवढा छळ केला त्यानं.”

“कावून, सर? माझ्या रानातले हायेत.”

तिनं पदराच्या ओट्यातले दगड आपल्याच कडेला ओतले आणि पुन्हा वाकली.