झामसिंगची दाढी आणि मी

मित्रांनो, झामसिंगची दाढी गेली ती माझ्यामुळे. म्हणजे पैज लावली शेजाऱ्यानं, हरला झामसिंग स्वतः, आणि वस्तराही चालवला त्या शेजाऱ्यानंच. पण गावात नाव माझंच निघतं.

मी एक जुना मास्क आहे. एका दिवसात फेकायचा कागदी नव्हे हो! मी रबराचा. दोन गालांवर दोन गोल फिल्टर, मागे पट्टे. पोरं मला डुकराचं थोबाड म्हणतात. म्हणू देत. मला रूप पाहून कुणी कामाला ठेवलं नव्हतं.

माझा जन्म गरम साच्यातला. सगळं अंग टणक, फक्त कड मऊ. कारण माझं सगळं कसब त्या कडेत. कड चेहऱ्याला नीट बसली तर हवा फिल्टरमधूनच आत येते. जराशी फट राहिली की हवा लबाड, सोप्या वाटेनं घुसते आणि सोबत धूळ घेऊन येते.

डब्यात बसून मी आलो तिरोड्याकडे, बोदलकसाच्या वाटेवरच्या विटांच्या कारखान्यात. विटा मातीच्या नाहीत, राखेच्या. वीज कारखान्यात कोळसा जळतो, त्याची ही राख. पिठाहून बारीक. एकदा उडाली की खाली यायचं नाव घेत नाही. झामसिंग तिच्या गोण्या फाडून मिक्सरमध्ये ओतायचा. मुकादम योगराजनं मला त्याच्या हातात ठेवलं.

झामसिंग हसला. "राखेले कोन भेते गा? माही माय चुल्हीच्या राखेनं दात घासे. मेली तवाबी सारे दात तोंडात होते!"

"ते चुल्हीची होती," योगराज म्हणाला. "हे छातीत जाऊन बसते. मंग उठ म्हटलं तरी उठत नाई."

ऐकतो कोण? मी गेलो खिडकीतल्या खिळ्यावर. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला. माझ्या पोटात झामसिंगची तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी राहायला आली. कारखान्याचे सेठ आले की तो मला घाईघाईनं हनुवटीखाली अडकवायचा. आता हनुवटीनं कोणी श्वास घेतं का? पण मला विचारलं कुणी!

या झामसिंगची दाढी मात्र बघण्यासारखी होती. छातीपर्यंत, काळी कुळकुळीत. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, तेव्हा भर दुपारी दंडार होते. नाच, गाणी, सोंगं, सगळं त्यात. त्यात राजा दरवर्षी झामसिंगच. खोटी दाढी लागत नाही आणि गळा असा, की लांब तान घेतली की ढोलकीवाल्याचा हात थांबायचा. पण मागच्या मंडईत तानेच्या मधोमध खोकला आला. राजा वाकून वाकून खोकला. लोक हसले. पुढच्या रांगेत बसलेली त्याची बायको दुर्पता हसली नाही.

दुर्पता त्याच कारखान्यात काम करते, तिचा स्वतःचा मास्क आहे. त्या खोकल्यापासून ती त्याच्या मागे लागली. पोळा झाल्यावर योगराजनंही शेवटचं सांगितलं, "मास्क लाव अन् दाढी काढ. नाई त राखेच्या कामावर येऊ नोको."

त्या संध्याकाळी झामसिंगच्या शेजारी राहणाऱ्या मुन्नालालच्या सलूनसमोर सगळी बसली होती. मुन्नालालचा त्या दाढीवर जुना डोळा. दुर्पता म्हणाली, "अजी, आयका ना. छाती कशी वाजून राहिली तुमची!"

"मास्क लावतो ना. दाढी नाई काढत," झामसिंग म्हणाला. "राख दाढीतच अडकते. मास्क एक जाळी अन् दाढी दुसरी. तुले एक, मले दोन!"

मुन्नालालला राहवलं नाही. "क्या बात करता है यार! लगा शर्त. उद्या दोघं नवराबायको मास्क लावून एकाच मिक्सरवर काम करा. संध्याकाळी मी पांढऱ्या रुमालानं दोघायचं नाक-तोंड पुसतो. तुहा रुमाल काळा निघाला त तू हारला."

"अन् साफ निघाला त?"

"त मंडईत मी राणी बनतो. नाई त तू बन. दाढीवाली राणी चालत नाई, समजून घे."

मुन्नालालचं पोट आणि त्याचं टक्कल पाहून सगळे खो खो हसले. झामसिंगनं हातावर हात मारला. राणी मुन्नालालच होणार, याची त्याला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी गडी दाढीला तेल चोपडून आला. राख चिकटून बसावी म्हणून! मला त्यानं त्या तेलकट रानावर बसवलं. मित्रांनो, मी धरू तर काय धरू? गवताच्या पेंढीवर झाकण ठेवल्यासारखी गत. गोणी फाटली, राखेचा ढग उठला आणि केसाकेसातून आत शिरू लागला. माझे फिल्टर बिचारे रिकामेच बसून राहिले.

संध्याकाळी दुर्पतानं मास्क काढला. रुमालावर नुसता घाम. मग मला काढलं. आत राखेचा चिखल झाला होता. मुन्नालालनं झामसिंगचं नाक पुसलं, रुमाल उलटला, पुन्हा पुसला. राखाडी काळा. हसायला तयार बसलेल्या माणसांसमोर झामसिंगला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

"गळा वाचंल का व माहा?" त्यानं हळूच विचारलं.

"दाढी पुन्हा येते जी," दुर्पता म्हणाली. "गळा नाई येत."

मुन्नालालनं वस्तरा काढला. मिशा तेवढ्या ठेवल्या, माझ्या कडेच्या आत त्या बसतात. सकाळी योगराजनं झामसिंगला दोन्ही फिल्टरवर तळवे ठेवायला लावले. "आता घे श्वास." त्यानं ओढला आणि मी त्याच्या गालांना गच्च चिकटलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरा मास्क झालो.

मग आमची गट्टी जमली. झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं, सुकी झाडू मारायची नाही, गोणी उंचावरून नाही तर मिक्सरच्या तोंडाशी टेकवून हळू रिकामी करायची, हे तोच आता दुसऱ्यांना ओरडून सांगायचा. मला रोज पुसायचा, फिल्टर बाजूला काढून मला धुवायचा, सावलीत वाळवून डब्यात ठेवायचा. श्वास जड लागला की फिल्टर बदलायचा. खोकला पुरता गेला नाही. छाती तपासून डॉक्टर म्हणाले, आत गेलं ते गेलं, नवं जाऊ देऊ नका.

दिवाळीच्या सुमारास माझ्या कडेला चीर दिसली. योगराजनं त्याला नवा मास्क दिला. मित्रांनो, मला कामानं म्हातारं केलं नाही, त्या खिळ्यानं केलं. तुमच्या घरी, ओळखीत कुणी असं धुळीचं काम करत असेल, तर त्याचा मास्क कुठं टांगलाय ते जरा बघा. एवढंच मागणं.

आणि मंडई? मी होतो ना, राक्षस झालेल्या पोराच्या तोंडावर! ढोलकी वाजली आणि दुर्पताचं हिरवं लुगडं नेसून, मिशाही काढून, झामसिंग राणी बनून आला. शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. समोर राजा मुन्नालाल, छातीपर्यंत दाढी लावून.

राणी थबकली. राजाच्या दाढीला हात लावून पाहिला.

"अबे, हे त माही दाढी होय!"

"धुऊन घेतली बे, राणीसाहेब," राजा म्हणाला. "फेकवली नाई."

हसून हसून लोक लोळले. ते शांत होईपर्यंत राणी पदर सावरत उभी राहिली, मग गायला लागली. तीच लांब तान. मधोमध आली तेव्हा पुढच्या रांगेत दुर्पतानं स्वतःचाच श्वास रोखून धरला. ढोलकीवाल्याचा हात वरच थांबला.

तान पुरी झाली. मग कुठं हात ढोलकीवर पडला.