खोक्यांमागचा राउटर

रशीदाची मुलाखत चार वाजता होती आणि घरातलं इंटरनेट बेडरूमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन मागे फिरत होतं. शारजातल्या एका शाळेला प्रयोगशाळा सहायक हवी होती. भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली रशीदा लग्नानंतर शारजाच्याच रोल्ला भागातल्या या घरात आली, त्याला अकरा वर्षं झाली. मुलाखतीचं बोलावणं मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

अडीच वाजता तिच्या नवऱ्याने, हमदुल्लाने, प्रकरण हातात घेतलं. त्याने राउटर बंद केला, दहापर्यंत आकडे मोजले, चालू केला. मग कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसाने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं आणि उद्या माणूस पाठवतो, इन्शाल्ला, म्हणून फोन ठेवला.

मग धाकटा दीर राहिल आला. त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं, त्यामुळे घराण्यात तो इंजिनीअर समजला जाई. त्याने दोन शिंगांचं एक यंत्र बेडरूमच्या भिंतीत खोचलं आणि आता रेंज पार पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कानपर्यंत जाईल असं जाहीर केलं. ती पलंगापर्यंतही गेली नाही. तेव्हा त्याने शेजाऱ्यांवर चोरीचा आळ घेतला आणि पासवर्ड बदलला. त्यामुळे चालू होतं ते सगळ्या फोनांचं नेटही बंद पडलं. नवा पासवर्ड त्याला तिसऱ्या खेपेला आठवला.

दोघे यात गुंतले असताना रशीदा मोबाइल घेऊन घरभर फिरली आणि पावलोपावली रेंजचे आकडे कागदावर टिपत गेली. राउटर हॉलच्या कोपऱ्यात होता. तिथल्या सोफ्यावर रेंज भरपूर होती, खोक्यांच्या पलीकडे एकदम नाहीशी होत होती.

खोकी पाच होती. पुढच्या महिन्यात गावी हर्णैला जायचं म्हणून हमदुल्लाने ती जानेवारीपासून भरत आणली होती. दूध पावडरीचे डबे, कॉफीचे डबे, स्वयंपाकघरातल्या चकचकीत फॉइलचे रोल. प्रत्येक खोकं वजन करून, टेप लावून, दोरीने आवळून, चारही बाजूंना नाव-गाव लिहून त्याने राउटर आणि बेडरूम यांच्या मधोमध छातीएवढी रास रचली होती.

पत्र्यातून सिग्नल जात नाही, असं रशीदाने कागद दाखवून सांगितलं.

"दूध पावडर काय वायफाय पिते?" हमदुल्ला म्हणाला.

राहिल पोट धरून हसला. मग त्याने भाभीला समजावलं, की लहरी हवेतून जातात आणि डब्यांत तर खाण्याचं सामान आहे. खोकी हलवायची गोष्टच नव्हती. वरचं खोकं खालच्याच्या तोलावर होतं आणि दोरीची गाठ हमदुल्लाची स्वतःची होती.

मग मी सोफ्यावर बसून मुलाखत देते, असं ती म्हणाली. पण सोफ्यावर काम चालू होतं. राहिल तिथे टेस्टिंग म्हणून क्रिकेट बघत होता. ते अजिबात अडकत नव्हतं, यावरून दोष बेडरूमचाच आहे हे त्याने सिद्ध केलं होतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना रशीदा ओढणी नीट करून लॅपटॉप घेऊन बाहेर आली.

"उठा दोघं. किचनमध्ये जा."

आवाज चढला नव्हता, म्हणूनच असेल, ते उठले. थोड्या वेळाने राहिल आतून कुजबुजला, की इथे रेंज येत नाही.

मुख्याध्यापिका मरियम यांनी वीस मिनिटं प्रश्न विचारले. पडद्यावरचा त्यांचा चेहरा एकदाही गोठला नाही. शेवटी त्यांनी ही जागा तुमचीच समजा असं सांगून विचारलं, की कधी रुजू होता येईल.

किचनच्या दारात हमदुल्ला दोन्ही हात हलवत होता. घरी विचारून सांगते म्हण, तिकिटं काढलीत, असं त्याचे ओठ म्हणत होते. रशीदाला ते अगदी स्पष्ट दिसलं.

"सोमवारपासून," ती म्हणाली.