निळ्या औषधाला न दिसणारी साखर

भाऊकाकांची लघवी उकळायचं काम कुंदाकाकू दुसऱ्या कुणाला देत नसे. काकांना मधुमेह होता. रोज सकाळी बोरीवलीच्या आमच्या गॅलरीत ती स्पिरिटचा दिवा पेटवी, काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं औषध घेई, त्यात आठ थेंब टाकी आणि नळी कपड्यांच्या चिमट्यात धरून उकळी. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत विटकरी झालं, की काकांची वाट लागली.

सत्त्याऐंशी सालच्या त्या आठवड्यात सलग तीन दिवस नारिंगी आलं.

"घरातला साखरेचा डबा कुलपात आहे," काकू म्हणाली. "म्हणजे तुम्ही काशीरामकडे खाताय."

काशीराम काकांचा गिरणीतला जोडीदार. चारकोपला बैठ्या घरात राहायचा. संप फिसकटल्यापासून रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून मालकाला शिव्या घालणं एवढीच काकांची नोकरी उरली होती.

"बिनसाखरेची चाय पितंय गो! रवळनाथाची शपथ!"

"शपथ नको. चंदू, तो चहा बाटलीत घेऊन ये."

मी एस.वाय.ला केमिस्ट्री घेतलेलं. घराला त्याचा हा पहिलाच उपयोग. काशीरामकाकांनी औषधाच्या बाटलीत चहा भरून दिला, कशाला ते विचारलंसुद्धा नाही. गिरणीत माणसाने याहून विचित्र गोष्टी पाहिलेल्या असतात.

चहा उकळला. कडक विटकरी.

"आजपासून चारकोप बंद."

काकांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या आणि तसेच खुर्चीत बसून राहिले. मला बघवेना. तेव्हा कुठे प्रॅक्टिकलची वही आठवली. घरचं बिनसाखरेचं दूध घेतलं, उकळलं. तेही विटकरी.

"भय्या दुधात साखर घालतो!" काकू कडाडली.

"इतका दिलदार भय्या बोरीवलीत नाही, काकू. दुधाची स्वतःची साखर असते."

मग कुलूप उघडायला लावलं आणि चमचाभर साखर पाण्यात विरघळवून उकळली. निळी. पुन्हा उकळली. निळीच.

"चहा विटकरी झाला तो दुधामुळे. आपली साखर या औषधाला दिसतच नाही," मी म्हणालो. "पोटात जाऊन तिचं रूप बदललं, की मग दिसते."

काकू बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. ओळखीचा माणूस नाव बदलून फिरताना दिसावा, तशी.

काका मात्र ताडकन उठले. "बघ गो! काशीरामाकडे मी दुसऱ्या कशाक हात लावूक नाय. चाय, आणि वर त्याच्या दारातले चार चिकू. झाला!"

"चिकू?" काकू म्हणाली.

"फळ ता! झाडार चढान त्येत साखर कोण घालतलो?"

दुसऱ्या दिवशी निर्दोष सुटायच्या खात्रीने काका स्वतःच एक चिकू घेऊन आले. नळी नीट तापायच्या आतच विटकरी झाली.

काकूने दिवा विझवला. काका आपण होऊन चपला काढायला लागले.

"राहू द्या. चारकोपला जा तुम्ही," ती म्हणाली. "शिव्यांत साखर नसते. पण चिकू तिथे खायचे नाहीत, घरी आणायचे. मोजून चार."

काका रोज गेले आणि रोज चार आणले. काकू आणि मी ते गॅलरीत बसून खायचो. काका समोर बसून बघायचे.

"गोड आसत काय रे?"

मी तोंड उघडायच्या आत काकू बी थुंकून सांगायची, "छे हो. तुरट."