दोन प्रदेशांचे पोलाबी

उर्वी झोपली की मी युरोप उघडते. एका कॉम्प्युटर गेममधला, बाराव्या शतकाच्या अखेरचा, आयर्लंडपासून व्होल्गापर्यंत तीनशे चाळीस प्रदेश आणि प्रत्येकापुढे एक रिकामा रकाना. त्यात संस्कृती भरायची. गेम खेळणारा जिथे जन्म घेईल तिथली भाषा, नावं, सणवार त्याला या रकान्यातून मिळणार. ठाण्याच्या ऑफिसातून मुकुल हे काम बघतो. त्याचा नियम सोपा आहे: तीनपेक्षा कमी प्रदेश असले की तो समाज शेजारच्या मोठ्यात घालायचा.

आज संध्याकाळी सहाला शीट द्यायचं होतं. सगळं भरून झालेलं, फक्त एल्बे नदीकाठचे पोलाबी उरलेले. दोनच प्रदेश. मी मुकुलला फोनवर म्हटलं की यांची भाषा शेजारच्या जर्मन गावांहून अगदी वेगळी आहे. तो हसला. दोन प्रदेशांसाठी वेगळी नावं कोण बनवत बसणार, जर्मनमध्ये टाक आणि मोकळी हो, म्हणाला. सहापर्यंत विचार करते, मी म्हटलं. खरं तर माझं डोकं पोलाबींत नव्हतंच.

उर्वी अडीच वर्षांची आहे आणि बोलत नाही.

महिन्यापूर्वी स्पीच थेरपिस्टने विचारलं, घरात भाषा किती. माझी आणि नवऱ्याची, सिद्धेशची मराठी, शेजारच्या दीदीची हिंदी, मोबाइलवरची इंग्रजी गाणी आणि सासूबाईंची आगरी. सध्या एकच ठेवून बघा, त्या म्हणाल्या. मोबाइलवरची गाणी बंद झाली. दीदीकडे जाणं बंद केलं. आईंना सिद्धेशनेच सांगितलं, हिच्याशी जरा शुद्ध बोल. आई, म्हणजे माझ्या सासूबाई हौसाबाई, ठाण्याजवळच्या बाळकुमच्या. त्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत, आणि त्या उर्वीसाठी आमच्याकडे डोंबिवलीला आलेल्या. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला. मग नातीशी बोलणंच सोडलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर उर्वीचे होते ते दोन शब्दही गेले, ‘मम’ आणि ‘ये’. मी रोज चित्रांचं पुस्तक घेऊन बसते. कप, चेंडू, मांजर, वीस-वीस वेळा. शेवटी माझाच आवाज चिरका होतो आणि ती कानांवर हात ठेवते. परवा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

पावणेसहाला मी रकान्यात ‘जर्मन’ लिहिलं. मागे वळून पाहिलं तर उर्वी गादीवर नव्हती.

स्वयंपाकघरात आई खाली बसून सुकट निवडत होत्या. समोर उर्वी. आईंचे ओठ भरभर हलत होते, भुवया वर जात होत्या, मधेच हसू फुटत होतं. काहीतरी गोष्ट चालली होती. आवाज मात्र जरासुद्धा नाही. आणि उर्वीचे ओठही हलत होते. तसेच भरभर, तशाच भुवया वर. आवाजाशिवाय.

मी दाराची चौकट धरली. बोलणं म्हणजे हेच, असं माझ्या लेकराला वाटत होतं, आणि ती ते मन लावून शिकत होती.

मी आईंच्या शेजारी बसले.

“आई, मोठ्याने सांगा तिला.”

“नको गो. माजी बोली तिचे तोंडान बसली त?”

“बसू दे. थेरपिस्टना मी सांगेन. बोला ना, पाया पडते.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी चेष्टा करत नाही ना, ते पाहत असाव्यात. मग पदराने ओठ पुसून, चोरी केल्यासारख्या हळू म्हणाल्या, “इकरं ये गो बाय. ही बग सुकट.”

उर्वी दचकली. आईंनी तेच पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. मग पुन्हा.

आत फोन वाजायला लागला. सहा वाजले असणार. रकान्यातलं ‘जर्मन’ पुसायचं होतं, पण माझ्याने उठवेना. उर्वी सुकटीतूनच सरकत पुढे गेली आणि आवाज कुठून येतो ते शोधत आजीच्या गळ्यावर हात ठेवून बसली.

“बोला, आई,” मी म्हटलं. “थांबू नका.”