नाटकातली नदी आणि वल्लरीचं नाव

मी एक जुनी निळी चादर आहे. पण मित्रांनो, माझ्यावर कधी कोणी झोपले नाही. मी एका नाटकात नदी होते!

रंगाऱ्याच्या हौदात मला रंग सारखा बसला नाही. कुठे गडद, कुठे अगदी फिका. रंगाऱ्याने कपाळाला हात लावला, दुकानदाराने मला कोपऱ्यात टाकले. पण नाटक कंपनीचे कपडे सांभाळणाऱ्या मावशींनी मला उलगडले मात्र, त्या आनंदाने ओरडल्या, “अहो, हे तर वाहतं पाणी आहे!”

तेव्हापासून मी रंगमंचावर वाहू लागले. नाटकाची नायिका वल्लरी. शेवटी ती नदीत उडी घेई. दोन्ही बाजूंनी माझी टोके धरून मला हलवत, लाटा उठत आणि वल्लरी माझ्याखाली दिसेनाशी होई. सारे नाट्यगृह मुसमुसू लागे. माझे एक टोक धरायला असे वल्लरी झालेल्या नटीचा नवरा. म्हणजे प्रत्येक प्रयोगात बायकोला बुडवायचे काम त्याच्याकडे!

पुढे त्यांना मुलगी झाली. नटीने हौसेने नाव ठरवले, वल्लरी. आणि घरात वादळ उठले. मला हे कळले ते दोघे माझी घडी घालत होते तेव्हा.

“तुझ्या आई म्हणतात, ‘बुडून मरते त्या पोरीचं नाव माझ्या नातीला? मी ते तोंडातून काढणार नाही,’” नटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “आजीच नावानं हाक मारणार नसेल, तर काय उपयोग? तू तरी बोल ना.”

“मी लाटा हलवतो गं,” नवरा म्हणाला. “आईला हलवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

मला फार वाईट वाटले. त्या बिचारीला बुडवणारी मीच होते ना!

बाळ काही महिन्यांचे झाल्यावर नटी कामावर परतली. नातीला सांभाळायला सासूबाई विंगेत खुर्ची टाकून बसल्या. दुपारचा प्रयोग होता. वल्लरीने उडी घेतली. नाट्यगृह चिडीचूप झाले, आणि नेमके तेव्हाच बाळाने भोकाड पसरले!

“बाळा… सोन्या… राणी…” सासूबाई कुजबुजल्या. छे! बाळाला आई-बाबांच्या तोंडचे एकच नाव ओळखीचे होते. प्रेक्षक माना वळवू लागले. सासूबाईंचा धीर सुटला. रडवेल्या आवाजात त्या ओरडल्या, “वल्लरी! अगं वल्लरी, असं नको ना गं करूस!”

बाळ टकामका बघत गप्प झाले. पण प्रेक्षकांना वाटले, काठावरून वल्लरीची आईच हाक मारते आहे. मग काय, अख्खे नाट्यगृह हमसून हमसून रडू लागले! इकडे नटी माझ्याखाली तोंडात मूठ कोंबून हसत होती. त्या दिवशी माझ्यावर नवऱ्यालाही आवरेनात अशा लाटा उठल्या.

रांगत रांगत नटी विंगेत पोचली, केस विस्कटलेले, नाकाला धूळ. तिने बाळाला उचलून छातीशी धरले. सासूबाई बघतच राहिल्या.

“अगं, तू तर ठणठणीत आहेस!”

“दर वेळी अशीच बाहेर येते, आई.”

“मला मेलीला काय ठाऊक! मी पहिल्याच प्रयोगाला रडत मधूनच उठून गेले होते.” आणि त्याही हसू लागल्या.

तेवढ्यात दिग्दर्शक धावत आले.

“काठावरून हाक कोणी मारली?”

“मी,” सासूबाई चाचरत म्हणाल्या.

“प्रत्येक प्रयोगाला मारायची!”

सासूबाईंनी केस सारखे केले. “मारीन. पण नाव तेवढं मोठ्यानं घेणार हं. माझ्या नातीचं आहे.”

मित्रांनो, आता ते नाटक बंद झाले. कोणीतरी मला ओलीच घडी करून पेटीत टाकले, तेव्हापासून माझ्यावर डाग आहेत. एक कोपरा उंदरांनी खाल्ला. पण अधूनमधून वल्लरी, आता उंच, दांडगट झालेली ती नात, येते, मला रंगमंचावर पसरते आणि मैत्रिणींसह माझ्याखालून खिदळत धावते. तेव्हा माझे सारे पाणी पुन्हा वाहू लागते.

म्हणून सांगते, आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवा, वारा लागू द्या. आणि एखाद्या नावाची गोष्ट दुःखाची असली, तरी भिऊ नका. त्या नावाने प्रेमाने हाक मारा, आणि ओ देत कोण धावत येते ते बघा.