सहा डब्यांतले गोविंदराव

वर्ल्डकपला तीन वर्षं होती आणि वेल्डर संपतला दम लागत होता. दोन्हींची काळजी प्रोजेक्ट मॅनेजर विजय सबनीस एकाच फोनवर करत.

"मॅडम, स्टेडियमचं छत अडलंय. दम्याला स्टेरॉइड देतात ना? द्या आणि पाठवा. पाहुणे येताहेत इन्स्पेक्शनला."

"आत्ता नाही देणार," डॉ. शैलजा म्हणाल्या. कतारमधल्या इंडस्ट्रियल एरियातलं कंपनीचं क्लिनिक त्या चालवत.

संपतच्या कमरेवर खाजरी लाल रेघ होती आणि सकाळपासून ती चार बोटं पुढे सरकली होती. रेघा सहसा असं करत नाहीत; कातडीखाली फिरणारा जंत करतो. गावाकडे, चंदगडच्या चिखलातून अनवाणी पायांत शिरलेला सूतकृमी पोटात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. स्टेरॉइड मिळालं की अंगभर पसरतो आणि माणूस हातचा जातो. म्हणून आधी कृमीची गोळी. ती क्लिनिकच्या कपाटात नव्हती. कतारात जंत असतात हे कपाटाला मान्य नव्हतं. बाहेरून मागवायची तर पॉझिटिव्ह रिपोर्ट हवा. शैलजांनी संपतला दम्याचा पंप दिला आणि त्याच्या खोलीतल्या सहाही जणांना शौचाच्या नमुन्यासाठी डब्या दिल्या.

डब्या दुसऱ्याच दिवशी परत आल्या. ही तत्परताच संशयास्पद होती.

"मॅडम, सहाही बीटासारख्या लाल," लॅबमधली नबीला म्हणाली. "सहाहीत अंकुशकृमीची, म्हणजे दुसऱ्याच जंताची अंडी. सूतकृमी एकातही नाही."

शैलजा कंपनीच्या बसने थेट कामगारांच्या कॅम्पवर गेल्या.

"काल बीट कोणी खाल्लं?"

सगळ्यांनी गोविंदरावांकडे पाहिलं. पहाटे आंघोळ, शुद्ध शाकाहार, सुपारीचंही व्यसन नाही. मेडिकलमध्ये नापास म्हणजे परतीचं तिकीट, या भीतीने खोलीने एकमताने सर्वांत स्वच्छ माणूस निवडला होता आणि सहाही डब्या त्याच्याकडूनच भरून घेतल्या होत्या.

"माझ्यात अंडी?" गोविंदराव म्हणाले. "मी केकसुद्धा विचारून खातो."

"तुम्हालाही औषध मिळेल. संपत, तुझा नमुना कुठाय?"

"जंत निघाला तर खलास, मॅडम. सबनीस साहेब घरी पाठवतील."

"तुझ्यावाचून छत अडलंय, असं ते मला सकाळपासून तीनदा म्हणालेत. ते तुला घरी पाठवतील?"

संपतने विचार केला. "पण आत्ता होईल असं वाटत नाही."

"होईल. मी बसते."

त्या संडासाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. फोन वाजला.

"मॅडम, कुठे आहात?"

"संडासाबाहेर. तुमच्या छताचंच काम चाललंय."

सबनीसांनी फोन ठेवला.

या वेळच्या डबीत बीट नव्हतं. नबीलाने सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवलं. काचेखाली सूतकृमीची केसाएवढी अळी वळवळत होती. रिपोर्ट गेला, औषध आलं.

"आता तरी स्टेरॉइड?" सबनीस.

"आधी हे पोटात जाऊ दे."

"आणि तोवर छत?"

"जमिनीवर ठेवा."

शैलजांनी संपतच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि तो गोळ्या गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.